पाणबुड्याची सुरी : शस्त्र नव्हे, धागा कापण्याचे अवजार

खास प्रतिनिधी
शेलार (भिवंडी) :

भिवंडी शहरातून नदी नाका ओलांडून वाड्याच्या रस्त्याला लागले, की कामवारी नदीपलीकडे शेलार गाव येते. यंत्रमागांचा खडखडाट, सुताच्या कोनांनी भरलेले टेम्पो आणि कापडाचे तागे ही या परिसराची ओळख. कामवारीचे पाणी पुढे खाडीला आणि खाडीवाटे समुद्राला मिळते, एवढेच काय ते या गावाचे समुद्राशी नाते. तेव्हा समुद्राच्या तळाशी उतरणाऱ्या पाणबुड्याने कोणती सुरी जवळ बाळगावी, या प्रश्नाचा विचार यंत्रमागांच्या गावापासून सुरू करावा, हे वाचकांना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु स्कूबा डायव्हिंगची सुरी हा विषय मुळात सुरीचा नाहीच; तो धाग्याचा आहे. आणि धाग्याचे गुणदोष भिवंडीकरांइतके जाणणारी माणसे महाराष्ट्रात थोडीच सापडतील.

गेल्या काही वर्षांत मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगने चांगलेच मूळ धरले आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे यासाठी प्रशिक्षण संस्थाच उभारली. ठाणे, मुंबई, पुणे येथून जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण प्रशिक्षकाचा हात धरून काही मिनिटे पाण्याखाली राहतात, छायाचित्र काढून घेतात आणि परततात. त्यांना सुरीची गरज नाही. किंबहुना ती त्यांच्याजवळ नसलेलीच बरी. मात्र त्यांतील काहींना या छंदाची गोडी लागते. ते रीतसर प्रमाणपत्र घेतात, अंदमान, लक्षद्वीप किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाची वारी करतात आणि मग स्वतःचे साहित्य घ्यायला निघतात. मास्क आणि पायातील फिन्स यांची निवड ते चोखंदळपणे करतात, कारण मास्क नीट बसला नाही तर पाणी लगेच आत येते. सुरीचे तसे नसते. दहा-वीस वेळा पाण्यात उतरूनही ती म्यानातून काढण्याची वेळ येत नाही. त्यामुळे चुकीची सुरी चुकीची आहे, हे कळायला जो प्रसंग यावा लागतो, तो नेमका जिवावरचा असतो.

चित्रपटांनीही या बाबतीत फार गैरसमज करून ठेवले आहेत. अमेरिकेत १९५८ ते १९६१ या काळात गाजलेल्या 'सी हंट' या दूरचित्रवाणी मालिकेने, आणि १९६५ च्या 'थंडरबॉल' या जेम्स बॉण्डपटाने, पोटरीला भलीमोठी सुरी बांधलेला पाणबुडा जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात ठसवला. शत्रूची नळी कापणारा, प्रसंगी शार्कशी दोन हात करणारा असा तो वीर. प्रत्यक्षात सुरीने शार्कला हुसकावण्याची वेळ हौशी पाणबुड्यावर जवळजवळ कधीच येत नाही, आणि आलीच तरी वीतभर पात्याचा उपयोग किती होणार, हा प्रश्नच आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दिसणारा सर्वांत मोठा शार्क म्हणजे देवमुशी. हा अजस्र पण निरुपद्रवी मासा २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्यासमोर सुरी काढणे हा पराक्रम नव्हे, गुन्हा ठरेल.

न सडणारा धागा

पाण्याखाली माणसाला अडकवतो तो धागा. गळाची तुटलेली दोरी, खडकाला गुंतून राहिलेले जाळ्याचे तुकडे, नांगराचा सोडून दिलेला दोर, पिंजऱ्यांच्या दोऱ्या. पूर्वी आपल्याकडील जाळी सुताची वा सणाची असत. ती तुटून समुद्रात राहिली तर यथावकाश कुजून जात. नायलॉनची घोषणा अमेरिकेत १९३८ मध्ये झाली आणि इंग्लंडमध्ये १९४१ मध्ये पॉलिएस्टरचा शोध लागला. पुढच्या दोन-तीन दशकांत या धाग्यांनी एकीकडे यंत्रमाग व्यापले आणि दुसरीकडे कोळ्यांची होडी. शेलारच्या मागावर विणले जाणारे पॉलिएस्टर आणि वसईच्या समुद्रातील डोल जाळ्याचा धागा ही एकाच रसायनशास्त्राची अपत्ये आहेत. दोन्ही मजबूत, दोन्ही स्वस्त आणि दोन्ही सडत नाहीत.

न सडण्याचा हा गुणच समुद्रात अवगुण ठरतो. हरवलेले वा टाकून दिलेले जाळे मालकाविना मासे धरतच राहते. इंग्रजीत अशा जाळ्याला भुताचे जाळे म्हणतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि पर्यावरण कार्यक्रम यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात समुद्रातील एकूण कचऱ्याचा सुमारे दहावा हिस्सा अशा मासेमारी साहित्याचा असल्याचा अंदाज दिला होता. डहाणूच्या कासव उपचार केंद्रात येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांपैकी काहींचे वल्ह्यासारखे पाय याच धाग्यांनी कापले गेलेले असतात. जे जाळे कासवाला सोडत नाही, ते पाठीवर सिलिंडर, अंगावर नळ्या आणि पट्टे घेऊन फिरणाऱ्या माणसाला का सोडेल?

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. सर्वच कृत्रिम धागे पाण्यात सारखे वागत नाहीत. नायलॉन आणि पॉलिएस्टर पाण्याहून जड असल्याने तळाशी पडतात, खडकांवरून पसरतात. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन हे पाण्याहून हलके असतात. त्यांचे एक टोक तळाशी अडकले असेल, तर उरलेला दोर कमानीसारखा वर उचलला जाऊन प्रवाहात डुलत राहतो. तळाकडे पाहत पोहणाऱ्याच्या डोक्यामागून ही कमान सिलिंडरच्या तोटीवर सहज अडकते. गळासाठी वापरली जाणारी एकपदरी पारदर्शक नायलॉन तार तर पाण्यात हातभर अंतरावरही दिसत नाही.

अडकल्यावर वेळ किती असतो, याचा हिशेब करून पाहू. (येता-जाता 'ऑक्सिजन सिलिंडर' असे छापले जाते, ते बरोबर नाही. हौशी पाणबुड्याच्या सिलिंडरमध्ये साधी हवाच दाबून भरलेली असते.) सर्रास वापरल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियमच्या सिलिंडरची धारणक्षमता सुमारे ११ लिटर असते आणि त्यात २०० बार दाबाने हवा भरतात. म्हणजे एकूण सुमारे २,२०० लिटर. पृष्ठभागावर शांतपणे पोहणारा माणूस मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो असे धरले, तर १८ मीटर खोलीवर, जेथे दाब २.८ पट असतो, तेथे हाच खप ५६ लिटरवर जातो. प्राथमिक प्रमाणपत्रधारकाला साधारणतः याच खोलीपर्यंत उतरण्याची मुभा असते. आता समजा, निम्मी हवा संपलेली असताना तो जाळ्यात अडकला. घाबरलेल्या माणसाचा श्वास सहज दुप्पट होतो. अनेकदा त्याहून अधिक. मिनिटाला ११२ लिटर या वेगाने उरलेली १,१०० लिटर हवा पुरती दहा मिनिटेही टिकत नाही, आणि त्यातच वर येण्यासाठी लागणारी हवाही राखून ठेवायची असते. सुरी निवडताना हा आकडा समोर ठेवावा. म्यानातून सुरी काढायला मिनिटभर झटापट करावी लागत असेल, तर त्या मिनिटाची किंमत काय, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

ढिला धागा कापायचा कसा?

मागावर काम करणाऱ्या विणकराला ठाऊक असते, की ताणलेला धागा नुसत्या स्पर्शाने तुटतो आणि ढिला धागा धारदार पात्यालाही दाद देत नाही. ताण्याचा धागा तुटला की तो गाठ मारतो आणि उरलेले टोक छोट्या कात्रीने उडवतो, सुरीने नव्हे. कारण कात्रीची दोन पाती एकमेकांना आधार देतात. सुरीला तो आधार धाग्याच्या ताणातून मिळावा लागतो.

पाण्याखाली नेमका हाच ताण नसतो. जाळे सैल असते, माणूस तरंगत असतो, पाय टेकायला जागा नसते. सुरी लावून ओढले की धागा पात्याबरोबर सरकतो, त्यामागून जाळे सरकते आणि जाळ्यामागून आपण. म्हणून दुसऱ्या हाताने धागा ताणून धरावा लागतो, आणि अडकलेल्या माणसाचा दुसरा हात मोकळा असेलच असे नाही. पाणबुड्याच्या सुरीची अर्धी धार सरळ आणि अर्धी करवतीसारखी दातेरी का असते, याचे उत्तर येथे सापडते. दात ढिल्या दोराला पकडून ठेवतात, तंतू एकेक करून कापतात. जाड, पीळदार दोरासाठी दातेरी धार हवी आणि बारीक तारेसाठी सरळ धार. पुष्कळ सुऱ्यांच्या पाठीवर आकड्यासारखी एक खाच असते. तिच्या आतल्या बाजूस धार असली तर बारीक तार त्यात अडकवून एका हाताने ओढून तोडता येते. काही स्वस्त सुऱ्यांत ही खाच केवळ शोभेची असते, बोथट. दुकानात प्रथम तीच पाहावी.

याच तत्त्वावर बनलेले दुसरे साधन म्हणजे आकडा-कटर. प्लास्टिकच्या वा धातूच्या चपट्या आकड्यात एक छोटे पाते तिरके बसवलेले असते. बाहेरून बोटाला धार लागत नाही, धागा मात्र खाचेत शिरला की कापला जातो. छत्रीधारी सैनिकांच्या पट्ट्या कापण्यासाठी अशी साधने फार पूर्वीपासून वापरात आहेत. मर्यादा एवढीच, की खाचेत मावेल तेवढ्याच जाडीचा दोर त्याने कापता येतो.

तिसरे साधन रुग्णवाहिकेतले. अपघातग्रस्ताचे कपडे कापण्यासाठी वापरतात ती, पुढे वाकलेल्या बोथट टोकाची मजबूत कात्री. औषधी साहित्याच्या दुकानात ती अगदी अल्प किमतीत मिळते आणि जाळे, पट्टा, ओले कापड, गळाची तार असे सर्व काही सुरीपेक्षा सहज कापते. चांगल्या दर्जाची असेल तर बारीक धातूची तारही तोडते. तिचा स्क्रू आणि पाती खाऱ्या पाण्यात लवकर गंजतात हे खरे, पण ती दरवर्षी बदलणेही परवडते. खर्चाच्या मानाने सर्वाधिक उपयोगी असे एकच साधन निवडायचे झाले, तर प्रस्तुत प्रतिनिधीचे मत या कात्रीच्याच बाजूने पडेल. ती पोटरीला बांधून छायाचित्र काढले तर फारसे उठून दिसत नाही, हा दोष कबूल करावा लागेल.

पोलाद, टायटॅनियम आणि गंज

विक्रेते ज्यावर सर्वांत अधिक बोलतात आणि ग्राहक ज्यात सर्वांत अधिक फसतात, तो विषय म्हणजे पात्याचा धातू. 'स्टेनलेस स्टील' या शब्दाचा अर्थ कमी डागणारे पोलाद असा घ्यावा, कधीच न डागणारे असा घेऊ नये. त्यातील क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म थर तयार करते आणि तो थर आतील लोखंडाचे रक्षण करतो. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड या थराला छिद्रे पाडते. ओल्या म्यानात बंद राहिलेल्या पात्याला हवा मिळत नाही, थर पुन्हा बनत नाही आणि गंज नेमका म्यानाच्या आत, दृष्टीआड वाढतो.

अडचण अशी, की पोलाद धार धरण्याइतके कठीण करायचे तर त्यात कार्बन हवा, आणि कार्बन वाढला की तो क्रोमियमचा काही भाग अडकवून ठेवतो. म्हणजे धार आणि गंजरोध या एकाच तागडीच्या दोन बाजू आहेत. जहाजांच्या साहित्यासाठी वापरले जाणारे ३१६ जातीचे पोलाद गंजाला उत्तम तोंड देते. मात्र त्यातील कार्बन ०.०८ टक्क्यांहून अधिक नसल्याने ते तापवून पाणी देऊन कठीण करता येत नाही, त्यामुळे धार लवकर बसते. ४४० सी या जातीत कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो. धार झकास, पण निष्काळजी मालकाच्या हाती ती महिन्याभरात ठिपक्यांनी भरते. ४२० ही जात या दोहोंच्या मधली आणि बहुसंख्य सुऱ्या तिच्याच असतात. जपानमध्ये कार्बनऐवजी नायट्रोजनचा वापर करून 'एच-१' नावाचे पोलाद तयार करण्यात आले. ते खाऱ्या पाण्यात जवळजवळ गंजत नाही, पण किंमत त्याप्रमाणेच असते.

टायटॅनियमला गंजाची चिंता नाही. ते पोलादाहून वजनाला बरेच हलके आणि चुंबकाला प्रतिसाद न देणारे असते, त्यामुळे पाणसुरुंग निकामी करणाऱ्या नौदलाच्या पाणबुड्यांना त्याचे विशेष महत्त्व. परंतु टायटॅनियमची सरळ धार चांगल्या पोलादाइतकी टिकत नाही. दातेरी धार पुष्कळ दिवस काम देते. वर्षातून दोन-चारदाच समुद्रावर जाणाऱ्या आणि घरी आल्यावर पिशवी तशीच माळ्यावर टाकणाऱ्या माणसाने टायटॅनियमच घ्यावे. पैसे अधिक जातील, पण पुढच्या वेळी म्यानातून गंजाचा गोळा तरी निघणार नाही. नियमितपणे साहित्य धुऊन-पुसून ठेवणाऱ्याला ४२० चे पोलाद पुरे.

टोक टोकदार असावे की बोथट, याविषयी वाद संभवत नाही. हवेने फुगणारे जाकीट, दोन-तीन रबरी नळ्या आणि शेजारी दुसरा माणूस अशा परिस्थितीत, तेही घाईत, उघडे पाते फिरवायचे असते. छेद देण्याजोगे काहीच नसते आणि छेद जाऊ नये असे पुष्कळ असते. पटाशीसारखे सपाट टोक निवडावे. टोकदार पाते भाल्याने मासे मारणाऱ्यांसाठी असते. पात्याची लांबी सात ते दहा सेंटिमीटर म्हणजे पुष्कळ झाली.

मुठीच्या रंगाकडेही लक्ष असावे. लाल रंग पाण्यात पहिल्या काही मीटरमध्येच विरतो आणि काळसर दिसू लागतो. पिवळा वा झगझगीत हिरवा खोलवर ओळखू येतो. काळी मूठ दुकानात रुबाबदार दिसते, तळावर पडली की सापडत नाही. मुठीच्या शेवटी धातूचा तुकडा असेल तर सिलिंडरवर ठोकून जोडीदाराचे लक्ष वेधता येते. पाण्यात ध्वनीचा वेग हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक असल्याने आवाज कोठून आला हे ऐकणाऱ्याला उमगत नाही, तरी तो मान वळवून शोधू लागतो, हेही कमी नाही.

बांधायची कोठे?

पोटरीची जागा परंपरेने चालत आली आहे. जुने जाणते पाणबुडे सुरी पोटरीच्या आतल्या बाजूस बांधीत, म्हणजे तिचीच मूठ दोरात अडकू नये. हौशी मंडळी ती दिसावी म्हणून बाहेरच्या बाजूस बांधतात, आणि मग सोडवणूक करणारे साधनच अडकण्याचे पहिले ठिकाण बनते. शिवाय दोन्ही पाय जाळ्यात असतील तर पोटरीपर्यंत वाकणे म्हणजे आणखी गुंतणे.

यास्तव आजचा सर्वसाधारण सल्ला असा, की कापण्याचे निदान एक साधन छाती आणि कंबर यांच्या दरम्यान असावे आणि ते डाव्या-उजव्या कोणत्याही हाताने काढता यावे. जाकिटाचा खांद्याचा पट्टा, कमरेचा पट्टा किंवा हवा भरण्याची नळी या सोयीच्या जागा होत. मनगटावर बांधलेला कटर झटकन हाती येतो, पण त्याच हाताच्या उपयोगाचा नसतो, हे विसरले जाते. शक्य असेल तर दोन साधने दोन ठिकाणी ठेवावीत. एक सुरी, एक कात्री वा आकडा-कटर. पहिले साधन हातून निसटणे ही पाण्याखालची अगदी सामान्य घटना आहे. म्यानाची कळ अंगठ्याने, हातमोजा घालूनही, सुटावी. उलटे धरून झटकले तरी सुरी पडू नये. लोंबणारी दोरी मुठीला बांधण्याची हौस मात्र टाळावी. धाग्यापासून सुटण्यासाठी आणखी एक धागा बरोबर नेण्यात हशील नाही.

बहुतांश वेळा दोर अडकतो तो पाठीमागे, सिलिंडरच्या तोटीपाशी. तेथे स्वतःचा हात पोहोचत नाही आणि दिसत तर नाहीच. अशा वेळी गोल फिरून मागे पाहण्याचा मोह होतो, आणि त्या एका गिरकीने दोराचा एक वेढा वाढतो. थांबावे, श्वास संथ करावा, आल्या वाटेने वीतभर मागे सरकून पाहावे आणि जोडीदाराला खूण करावी. नायलॉनचा फास कित्येकदा मागे सरकण्यानेच सुटतो. न सुटल्यास कापणारा हात जोडीदाराचा असतो. म्हणजे आपण विकत घेतलेली सुरी बहुधा दुसऱ्याच्या कामी येणार असते. दोघांनी पाण्यात उतरण्यापूर्वी एकमेकांची साधने कोठे आहेत हे पाहून घ्यावे, असे प्रशिक्षक सांगतात ते याचसाठी.

नदीचे पाणी आणि होडीचा पंखा

आतापर्यंतचे विवेचन निळ्या, नितळ पाण्यापुरते झाले. शेलारलगतच्या कामवारीसारख्या नदीत, वा ठाणे जिल्ह्यातील कोणत्याही खाडीत, बुडालेल्या माणसाचा शोध घ्यायला उतरणाऱ्याची परिस्थिती सर्वस्वी निराळी. पावसाळ्यात पाणी गढूळ, एरवी सांडपाण्याने काळे. दृष्टी शून्य, सारे काम स्पर्शाने चालते. तळाशी झाडांची मुळे, विजेच्या तारा, गळाच्या दोऱ्या, पुलावरून टाकलेले निर्माल्य, त्याबरोबरची वस्त्रे आणि साड्या. ओले कापड सुरीने कापणे किती दुरापास्त असते, याचा प्रयोग घरच्या मोरीत भिजवलेल्या जुन्या साडीवर कोणालाही करता येईल. तेथे दातेरी सुरीदेखील कापड गोळा करून घेते, फाडत नाही, कात्रीच हवी. परदेशांतील पोलिस व अग्निशमन दलांचे पाणबुडे निदान दोन, कित्येकदा तीन कापणारी साधने जवळ ठेवतात आणि त्यांत तार तोडण्याचे साधनही असते. ती सर्व शरीरावर ठरलेल्या जागी असतात, कारण अंधारात हाताला फक्त जागा आठवते. आपल्याकडे नदीत उतरणारे बरेचसे स्थानिक पोहणारे कमरेला दोर बांधून, एका श्वासावर बुडी मारतात. त्यांच्या हाती काय असते, हा विचार स्कूबाच्या छंदापेक्षा अधिक निकडीचा आहे. शंभर-दोनशे रुपयांची कात्री आणि एक आकडा-कटर एवढे साहित्य प्रत्येक पथकाला पुरवणे कोणत्याही नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरचे नाही.

कोळीबांधवांना हा सारा विषय नवा नाही. भर समुद्रात होडीच्या पंख्यात जाळे वा दोर गुंतला की कोणीतरी सुरी वा कोयता घेऊन बुडी मारतोच. फिरत्या पंख्याभोवती आवळला गेलेला नायलॉनचा दोर घर्षणाच्या उष्णतेने वितळतो आणि थंड झाला की दांड्याभोवती प्लास्टिकचे कडे बसल्यासारखा घट्ट होतो. तो कापावा लागत नाही, करवतावा लागतो. त्यासाठी मोठ्या दातांची, लांब मुठीची सुरी लागते आणि हौशी पाणबुड्याची नाजूक सुरी तेथे निरुपयोगी ठरते. एकाच पाण्यातल्या तीन कामांसाठी तीन वेगळी साधने, असा हा प्रकार आहे. इंजिन बंद करून किल्ली काढून घेतल्याशिवाय कोणी पंख्याजवळ जाऊ नये, ही सूचना मात्र सर्वांना समान.

कायदा काय म्हणतो

शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत नऊ इंचांहून, म्हणजे सुमारे २२.९ सेंटिमीटरहून, लांब वा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांच्या वर्गात मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेली साधने त्यातून वगळली आहेत. वर सांगितलेल्या मापाची सुरी या मर्यादेच्या पुष्कळ आत राहते. तरीही महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात कमरेला सुरी लावून रस्त्याने हिंडणे अंगाशी येऊ शकते. प्रवासात ती बाकीच्या साहित्याबरोबर बंद पिशवीत असावी. विमानात ती हातातील सामानात चालत नाही, सोपवायच्या सामानातच टाकावी लागते. अंदमानला निघालेल्या कित्येकांची सुरी मुंबईच्या विमानतळावरच राहते, ती या विसरामुळे.

काही ठिकाणी सुरी नेण्यासच बंदी आहे. मेक्सिकोतील कोझुमेल सागरी उद्यानात हौशी पाणबुड्यांना सुरी व हातमोजे दोन्ही वर्ज्य आहेत, कारण हाती साधन असले की प्रवाळ खरवडून पाहण्याची इच्छा होते. आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे २९.१२ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. तेथे आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा काढणाऱ्याला सुरी कशी निवडावी यापेक्षा वकील कसा निवडावा, याची चिंता करावी लागेल.

निगा राखण्याचे काम सोपे आहे. समुद्रातून आल्यावर सुरी म्यानातून काढून दोन्ही गोड्या पाण्यात काही वेळ बुडवून ठेवावीत, मूठ सुटी होत असेल तर सोडवून आतले मीठ धुवावे, पूर्ण वाळवून पात्याला सिलिकोनचे पातळ ग्रीस लावावे. खनिज तेल रबरी पट्ट्यांना खाते आणि खोबरेल कालांतराने चिकट होऊन म्यानातच गोंदासारखे बसते, तेव्हा ही दोन्ही टाळावीत. दातेरी धार घरच्या सहाणेवर लागत नाही. त्यासाठी बारीक गोल कानस लागते.

विकत घेतलेले साधन समुद्रावर नेण्यापूर्वी त्याची परीक्षा घेण्यास भिवंडीसारखी जागा नाही. कोठल्याही कारखान्याच्या मागे पडलेला नायलॉनच्या दोऱ्यांचा आणि कापडाच्या काठांचा गुंता उचलावा, बादलीतील पाण्यात सैल सोडावा, डोळे मिटून प्रथम उजव्या आणि मग डाव्या हाताने म्यानातून सुरी काढावी आणि दुसऱ्या हाताची मदत न घेता तो कापून पाहावा. सुरी धाग्याबरोबर सरकत राहिली, तर ती स्वयंपाकघरात ठेवून कात्री घेऊन यावी.